कोल्ड कॉफी : दुधाची की कॉफीची?

चैत्रात पन्हं आणि आंब्याची डाळ, वैशाखात कोकम सरबत, आणि या सगळ्यांच्या जोडीला आता घराघरांत रुळलेली कोल्ड कॉफी. पुण्यात तर उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला जिना चढताना कुठल्या ना कुठल्या दारामागे मिक्सर फिरताना ऐकू येतोच. पण ही कॉफी घरी कशी करावी, असं विचारलं की लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष तिला दुधाचं पेय समजतो, दुसरा कॉफीचं. आमच्याकडे पहिल्या पक्षात माझी थोरली बहीण आहे. माझ्या मुलीमुळे सगळं घर तिला आत्याच म्हणतं. दुसऱ्या पक्षात माझी मुलगी मुक्ता. दोघींचं म्हणणं इथे बरंचसं त्यांच्याच शब्दांत देतो, कारण दोघी मनापासून करतात आणि चांगलं करतात. शिवाय ज्या एका मुद्द्यावर त्या भांडत नाहीत, नेमका तोच बहुतेक घरांत हुकतो, असं माझं ठाम मत आहे.

आत्या : मला एक सांग मुक्ते, चार वाजता घरात सात माणसं आहेत, त्यातली तीन पोरं. तू तुझी बरणी काढणार, काल रात्री भिजवलेली कॉफी फडक्यातून गाळत बसणार आणि प्रत्येकाच्या हातात काळं पाणी देणार. पोरं तोंडाला तरी लावतील का? माझं मिक्सरचं भांडं एकदा फिरलं की चार ग्लास तयार.

मुक्ता : तयार होतात गं, पण त्या चार ग्लासांत कॉफी किती असते? पाऊण लिटर दुधाला तीन चमचे इन्स्टंट. म्हणजे फार तर सहा ग्रॅम. साखर मात्र अर्धी वाटी, आणि वर आईस्क्रीमचा गोळा. त्यातली कॉफी काढून घेतली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आत्या : न यायला काय झालं? पोरांना आवडते ती तीच. दुर्गा कॅफेसमोर जाऊन बघ संध्याकाळी. सगळी कॉलेजची मुलं दुधाचीच कोल्ड कॉफी पीत उभी असतात. त्यांना काय चव कळत नाही?

मुक्ता : कळते. पण त्यांना दूध, साखर आणि गारवा आवडतो. त्यात गैर काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला कॉफी म्हणायचं त्यात कॉफी लागली पाहिजे.

आत्या : आणि माझं म्हणणं, आलेल्या माणसाला ते आवडलं पाहिजे.

इथे थोडं थांबून आत्याची पद्धत सांगायला हवी, कारण मिक्सरची कॉफी म्हणजे सगळं एकत्र ओतून बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला करताना पाहिलेलं नाही. सकाळचं दूध तापवून, निववून ती फ्रीजमध्ये ठेवते. दुपारी काढल्यावर पहिलं काम साय उचलण्याचं. साय राहिली आणि मिक्सर जरा जास्त फिरला तर लोणी सुटायला लागतं; पिवळसर बारीक कण ग्लासाच्या कडेला चिकटतात आणि टाळूला तूपट थर बसतो. दूध म्हशीचं असेल तर हे हमखास होतं. मग एका वाटीत कॉफी आणि साखर घेऊन वर फक्त दोन चमचे कडकडीत पाणी. ते ती चमच्याने घोटत राहते. काळपट चिकट पाक आधी तपकिरी होतो, मग बदामी, मग चमच्यावरून सावकाश ओघळेल इतका दाट. साखरेचा एकही कण दाताखाली येत नाही. हे झाल्यावरच मिक्सर.

आत्या : २०२० साली लॉकडाऊनमध्ये सगळं जग डालगोना डालगोना करत होतं ना, ते हेच. कोरियाचं नाव लागलं म्हणून नवं वाटलं. आम्ही कॉलेजात असल्यापासून कॉफी फेटतोय.

मुक्ता : फेस येतो तो इन्स्टंट आहे म्हणून. फिल्टरच्या कॉफीचा असा फेस धरणार नाही.

मुक्ताचं हे बरोबर आहे. कॉफीच्या बीत तेल असतं आणि तेल फेस मोडतं. इन्स्टंट पुडीत तेलाचा अंश जवळजवळ उरत नाही, म्हणून तिचा फेस टिकतो. ग्रीसमधलं फ्रापे याच गुणावर उभं आहे. १९५७ साली थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात दिमित्रिस वाकोन्दिओस या नेस्ले कंपनीच्या प्रतिनिधीला गरम पाणी मिळेना, तेव्हा त्याने इन्स्टंट कॉफी गार पाण्यात घालून शेकरमध्ये हलवली. तिथून ती सगळ्या ग्रीसचं उन्हाळी पेय झाली. इन्स्टंटकडे नाक मुरडण्याआधी हे ध्यानात असू द्यावं. मात्र तिथल्या फ्रापेत मूळ गोष्ट पाणी, बर्फ आणि कॉफी ही असते. दूध ज्याला हवं तो वरून घालतो.

आत्या : तुझी ती बरणी मला मुळातून कळू दे. तिच्यात आहे काय एवढं?

मुक्ता : कोल्ड ब्रू. शंभर ग्रॅम कॉफी घ्यायची, भरड दळलेली, साधारण बारीक रव्यापेक्षा जाड. त्यात आठशे मिली प्यायचं पाणी, साधं, गरम नाही. एकदा ढवळायचं, झाकण लावायचं आणि फ्रीजमध्ये. संध्याकाळी ठेवलं की सकाळी गाळायचं. चौदा ते सोळा तास पुरे. आधी चहाच्या गाळण्याने, मग धुतलेल्या सुती फडक्यातून. फडकं पिळायचं नाही, पिळलं की गाळ उतरतो आणि तोंडात मातीसारखं लागतं.

आत्या : शंभर ग्रॅम! एका बरणीला? अगं, चांगल्या कॉफीचा भाव काय आहे माहितीये ना?

मुक्ता : हिशोब करून सांगते. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणजे आठशेतलं सहाशे मिली हाती येतं. ते फार दाट असतं, नुसतं प्यायचं नाही. शंभर मिली कॉफी आणि तेवढंच पाणी किंवा दूध असा ग्लास केला, तर सहा ग्लास होतात. एका ग्लासाला सतरा ग्रॅम पूड. तू फिल्टरमध्ये डिकॉक्शन करतेस तेव्हा काय लागते?

आत्या : दोघांसाठी सहा चमचे, चांगले भरून.

मुक्ता : तीस ग्रॅम. एका कपाला पंधरा. म्हणजे फरक दोन ग्रॅमचा. एकदम पूड ओततो म्हणून डोळ्यांवर येतं.

आत्या : बरं, पैशाचं मान्य. पण रात्रीच ठरवायचं की उद्या दुपारी आपल्याला कॉफी प्यावीशी वाटणार आहे! आणि पाहुणे सांगून येतात होय? शिवाय ती बरणी फ्रीजमध्ये जागा अडवते. मे महिन्यात फ्रीजमध्ये आंबे, दही, कैरीचं पन्हं, भिजवलेली डाळ. त्यात आणखी ही.

मुक्ता : गाळल्यावर बाटली छोटी होते. आणि झाकून ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते. म्हणजे पाहुण्यांसाठी ती तुझ्या मिक्सरपेक्षा लवकर.

फ्रीजमध्येच का, ओट्यावर का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. थंड देशांतल्या कृतींमध्ये बरणी बाहेर ठेवायला सांगितलेलं असतं, ते तिथल्या खोलीच्या तापमानाला धरून. नागपूर-जळगावचं सोडा, पुण्यातही मे महिन्यात स्वयंपाकघरात रात्री चांगली ऊब असते, आणि त्या उबेत इडलीचं पीठ दुप्पट फुगतं. कोल्ड ब्रूमध्ये जंतू मारणारी उकळी कुठेच येत नाही. तेव्हा पाणी प्यायचं, बरणी स्वच्छ आणि जागा फ्रीजमधली. यात तडजोड करू नये.

मुक्ता : आणखी एक. तुला पित्ताचा त्रास आहे. गरम पाण्याने जे आंबट उतरतं ते गार पाण्याने कमी उतरतं. म्हणून कोल्ड ब्रू गुळगुळीत लागते आणि पोटालाही सोसते.

आत्या : ते तू म्हणतेस. मला रिकाम्या पोटी तुझी ती कॉफी प्यायल्यावर जळजळ झालीच.

या ठिकाणी मी आत्याच्या बाजूने आहे. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ साली वेगवेगळ्या देशांच्या कॉफ्या गरम आणि गार अशा दोन्ही पद्धतींनी काढून तपासल्या. दोन्हींचा पीएच सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. गरम कॉफीत एकूण आम्लं जास्त उतरतात हे त्यांनाही दिसलं, त्यामुळे चवीतला फरक खरा आहे. पण कोल्ड ब्रू प्या, पित्त होणार नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला तेवढा आधार नाही. कॅफीन तर दोन्हीकडे असतंच. रोबस्टा जातीच्या बीत ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, आणि भारतात पिकणारी बहुतेक कॉफी रोबस्टाच आहे. पित्तावर उपाय हवा असेल तर तो पोटात आधी काहीतरी घालणं हाच.

मुक्ता : असो. बरणी नको असेल तर जपानी पद्धत आहे. ती पाच मिनिटांत होते. खालच्या भांड्यात एकशे वीस ग्रॅम बर्फ ठेवायचा. वर कागदी गाळणी, त्यात वीस ग्रॅम कॉफी, आणि तिच्यावर एकशे ऐंशी मिली उकळीचं पाणी हळूहळू, धारेनं. गरम कॉफी थेंबाथेंबाने बर्फावर पडते आणि तिथेच गार होते. वास उडून जात नाही. ही प्यायल्यावर तुला कळेल की कॉफीला फळासारखाही स्वाद असतो.

आत्या : बर्फ मोजायचा?

मुक्ता : मोजायचाच. तोच तर मुद्दा आहे.

आत्या : हे मात्र तू बरोबर बोललीस. आमच्या शेजारी कोल्ड कॉफी म्हणजे नेहमीची गरम कॉफी करायची, दूध-साखर घालून, आणि ती बर्फाच्या खड्यांवर ओतायची. दोन मिनिटांत फुळकवणी. मग वरून चॉकलेटचं सिरप.

याच ठिकाणी दोघींचं एकमत आहे, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. बर्फ म्हणजे पाणी. ते कॉफीत येणारच आहे. प्रश्न एवढाच, की किती येणार आणि त्याची तरतूद आपण आधी केली आहे का. हिशोब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. समजा, ८५ अंशांची १५० मिली कॉफी आपल्याला ५ अंशांवर आणायची आहे. तिच्यातून १२,००० कॅलरी काढायला हव्यात. फ्रीजरमधला उणे १८ अंशांचा बर्फ आधी शून्यावर येतो, मग वितळतो, मग त्याचं पाणी ५ अंशांपर्यंत चढतं. या तिन्ही टप्प्यांत मिळून एक ग्रॅम बर्फ ९४ कॅलरी घेतो. म्हणजे सव्वाशे ग्रॅमहून थोडा जास्त बर्फ वितळणार, आणि दीडशे मिली कॉफीची पावणेतीनशे मिली होणार. घरच्या कॉफीची फुळकवणी होते ती अशी. पुडीचा दोष नाही, हाताचा गुणही नाही.

तीच कॉफी आधी ३० अंशांपर्यंत निवू दिली तर ४० ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रीजमध्ये ठेवून ८ अंशांवर आणली तर पाचेक ग्रॅम. ग्लासही गार असेल तर बर्फाचे खडे शेवटच्या घोटापर्यंत टिकतात. आणि मुक्ताच्या जपानी पद्धतीत गरम कॉफी सरळ बर्फावर पडते तरी ती पाणचट का होत नाही, तेही यातच आलं. तिथे वीस ग्रॅम पूड १८० मिली पाण्यात उतरवलेली असते, म्हणजे मुळातच दाट. पूड ४० मिली पाणी धरून ठेवते, १४० मिली कॉफी खाली येते, आणि १२० ग्रॅम बर्फ जवळजवळ सगळा वितळून तिला बरोबर बेताची करतो. बर्फ तिथे आधीपासून कृतीतलं पाणी म्हणूनच मोजलेला आहे.

आत्या : मी तर उरलेलं डिकॉक्शन बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवते. कॉफीचेच खडे. ते कितीही वितळले तरी काय बिघडत नाही.

मुक्ता : हे फार चांगलं करतेस. पण आत्या, तुझ्या फ्रीजरमध्ये सुक्या बोंबलाचा डबा असतो. बर्फाला वास लागतो त्याचा.

आत्या : म्हणून ट्रेवर झाकण हवं. आणि पाणी प्यायचंच हवं, नळाचं नाही. गोठवल्याने जंतू मरतात असं लोकांना उगाच वाटतं.

मुक्ता : तुझी साखर मात्र मला पटत नाही. चार ग्लासांना अर्धी वाटी!

आत्या : गार पदार्थाला गोडी जास्त लागते. वितळलेलं आईस्क्रीम खाऊन बघ, गोडमिट्ट लागेल. गोठलेलं असताना तेच बरं लागतं. मग मी जास्त घालते ते चुकीचं का?

आत्याच्या स्वयंपाकघरातल्या या निरीक्षणाला शास्त्राचाही आधार आहे. गोडी ओळखणारी जिभेवरची यंत्रणा गारव्यात मंदावते आणि उबेत जोरात चालते. त्यामुळे गरम कॉफीत बेताची वाटणारी साखर गार कॉफीत कमी पडते. थंडीत वासही कमी उठतो. कॉफीही म्हणूनच जास्त लागते. पण साखर थंड पाण्यात विरघळत नाही, ही समजूत चुकीची आहे. बर्फाच्या पाण्यातही ती भरपूर विरघळते, फक्त फार हळू. आपल्याला तेवढा धीर नसतो आणि ती तळाशी बसते. तेव्हा साखर गरम असतानाच मिसळावी. नाहीतर सम प्रमाणात साखर आणि पाणी उकळून पातळ पाक करून बाटलीत ठेवावा. ज्याला जशी हवी तशी त्याने घ्यावी. आमच्याकडे आता ही बाटली फ्रीजच्या दारात असते, आणि साखरेवरून होणारं भांडण बरंच कमी झालं आहे.

मुक्ता : या पाकात तू जायफळ घातलंस ते मला आवडलं, हे सांगायचं राहिलंच.

आत्या : लग्नात, गाण्याच्या मैफलीत मध्यंतराला मिळायची ती कॉफी जायफळाचीच असायची. वेलची आणि जायफळ. तुम्ही लोक कॉफीत व्हॅनिला घालता, कॅरमेल घालता. जायफळ म्हटलं की जुनाट. पण दुधाच्या कॉफीला जायफळासारखं दुसरं काही नाही. फक्त गार कॉफीवर वरून किसू नये, नुसता भुसा तरंगतो. पाक गरम असताना किंवा दूध तापत असताना घालावं. आणि चिमूटभरच.

मुक्ता : काळ्या कॉफीत मात्र नको. तिथे ते सगळ्यावर चढून बसतं.

आत्या : काळी पिणार कोण आहे!

मुक्ता : हे बघ, तुला दूध हवंच आहे ना? मग इन्स्टंट सोड आणि फिल्टर काढ. तुझ्या माळ्यावर पितळी फिल्टर पडून आहे.

आत्या : तो माझ्या सासूबाईंचा. त्या माटुंग्याला वाढलेल्या. तिथे दुकानात उभं राहून कॉफी भाजून, दळून घ्यायच्या. रस्त्याच्या कोपऱ्यावरच वास यायचा. पण त्या गरमच करायच्या. डिकॉक्शन गार करून कधी प्यायल्या नाहीत.

मुक्ता : करून बघू की.

आणि त्यांनी ते केलं. माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत उपयोगाची गोष्ट इथे निघाली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीस ग्रॅम पूड. ती दाबून बसवायची नाही, नुसती थोपटून सारखी करायची आणि वर दांड्याची चकती हलकेच ठेवायची. उकळी येऊन क्षणभर बसलेलं दीडशे मिली पाणी गोल धारेनं घालायचं, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. पहिला थेंब खालच्या भांड्यात पडल्याचा टण् आवाज येतो. नंतरचे आवाज कॉफीवर कॉफी पडण्याचे, मऊ. पंधरा-वीस मिनिटांत नव्वद मिली डिकॉक्शन खाली जमतं, काळंभोर, कडेला तांबूस झाक असलेलं. घाई करून पूड बारीक घेतली किंवा चकती दाबली तर छिद्रं बुजतात आणि थेंब थांबतो. हे डिकॉक्शन झाकून फ्रीजमध्ये. दुपारी ग्लासात पंचेचाळीस मिली डिकॉक्शन, जायफळाच्या पाकाचे दोन चमचे, दीडशे मिली गार दूध, साय काढलेलं, आणि कॉफीचेच दोन खडे. मिक्सर नाही. चमच्याने ढवळायचं.

आत्या : दूध आहे, गोड आहे, आणि कडूही लागतंय.

मुक्ता : कडू नाही गं, ती कॉफी लागतेय.

आत्या : तेच म्हणतेय मी.

मुक्ता : आता यातली चिकोरी कमी केली की झालं. हे साठ-चाळीसचं पाकीट आहे. चाळीस टक्के चिकोरी.

आत्या : चिकोरी असू दे की. तिने दाटपणा येतो, रंग येतो.

मुक्ता : दाटपणा येतो, खरंय. पण ती एका झाडाची भाजलेली मुळी आहे. आपल्याकडे गुजरातेत पिकते. कॅफीन नाही, कॉफीचा वास नाही. गरम कॉफीत वाफेबरोबर कॉफीचा वास वर येतो म्हणून चिकोरी खपून जाते. गार केली की वास दबतो, आणि जळक्या गुळासारखी तेवढी चिकोरीच उरते.

चिकोरीला सरसकट नावं ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला चिकोरी घातलेली कॉफी दूध आणि बर्फ घालून पिण्याची जुनी चाल आहे, आणि आपल्या फिल्टर कॉफीचा दाटपणाही बराचसा तिच्यामुळेच येतो. दूध घालायचं असेल तर वीस टक्क्यांपर्यंत ती शोभते. काळी प्यायची असेल तर मुळीच नको. मुक्ता तिच्या बरणीसाठी मान्सून्ड मलबार आणते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत बिया पसरून दमट वाऱ्यावर ठेवतात. त्या फुगतात, फिकट पिवळ्या होतात आणि त्यांचा आंबटपणा जातो. गार कॉफीला ती उत्तम लागते, पण महाग पडते. चिक्कमगळूरु किंवा कुर्गची साधी ताजी दळलेली कॉफीही चालते. आपल्या राज्यातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. तिकडे जाणाऱ्यांनी जरूर आणावी.

आत्या : पण पोरं आली की मिक्सर काढणार हं मी. त्यांना फेस लागतो. आणि इतक्या लहान वयात त्यांना तुझं ते दाट काही देणारही नाही.

मुक्ता : लहान मुलांना देऊच नकोस. त्यांच्या मिक्सरमध्ये कॉफी नावापुरतीच असावी, हे मलाही मान्य. मोठ्यांच्या मिक्सरमध्ये मात्र चमचे वाढव.

आत्या : आणि तू आईस्क्रीमला नाव ठेवू नकोस.

मुक्ता : एका अटीवर. साखर तेवढी कमी कर, आईस्क्रीममध्ये असतेच.

आत्याने अट मान्य केली आहे, पण तिच्या हाताला अर्ध्या वाटीची सवय आहे. मुक्ताही आपली बरणी सोडणार नाही. एकटीने सकाळी कामाला बसताना तिला काळीच हवी असते. दोघींनी एकाच पद्धतीवर यावं असं मला वाटतही नाही. पण मला कुणी विचारलं, की घरात एकच पद्धत ठेवायची तर कोणती, तर मी फिल्टर म्हणेन. त्याला वीज लागत नाही, रात्रीपासून तयारी लागत नाही, कागदी गाळण्या आणाव्या लागत नाहीत. सकाळी गरम कॉफीसाठी डिकॉक्शन पाडतानाच थोडी जास्त पूड घातली की दुपारची सोय होते. दूध घालणाऱ्याला दूध, न घालणाऱ्याला गार पाणी. आणि ते आधीच गार झालेलं असल्यामुळे बर्फाच्या हिशोबातून आपण सुटतो.

पूड घेताना मात्र एक करा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावीच लागते आणि चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. ते प्रमाण दुकानातच वाचून घ्या. चिकोरी वीस टक्क्यांच्या वर असेल तर कोल्ड कॉफीसाठी ते पाकीट घेऊ नका.